बेळगावच्या ऑर्केस्ट्रातला बेस : चार तारा, एक रेडिओ आणि उद्यमबागेचं गनमेटल

मंडळी, बेळगावच्या ऑर्केस्ट्रांबद्दल या पानावर बरंच लिहून झालंय. रफींचा आवाज कोण काढायचं, लताबाईंची गाणी कोणाच्या वाट्याला यायची, अनाउन्सर कसा हजरजबाबी होता, हे सगळं आलं. बेस गिटारवाल्याबद्दल मात्र एक ओळ नाही. जुने फोटो काढून बघा. हा माणूस ड्रमच्या आडोशाला, निम्मा कापलेला. माझे धाकटे काका १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षं त्या निम्म्या कापलेल्या जागी उभे होते. त्यांचं वाद्य आता कपाटावरून खाली आलंय आणि त्याचं काय करायचं यावरून घरात वाद चाललाय. त्याआधी हे वाद्य बेळगावात आलं कसं आणि टिकलं कसं, ते लिहून ठेवतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेस म्हणजे चार जाड तारांची लांब दांडीची गिटार. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. तंबोऱ्यातला खर्ज आणि तबल्यातला डग्गा यांचं काम एकाच माणसानं करायचं, असं समजा. चांगला वाजला तर कोणाच्या लक्षात येत नाही. थांबला की मात्र लोक इकडेतिकडे बघायला लागतात, काहीतरी बिघडलं म्हणून.

विजेवरचा बेस बाजारात रुजवला तो अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. हा गृहस्थ मुळात रेडिओ दुरुस्तीवाला, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी बँडमध्ये माणसापेक्षा उंच डबल बेस असायचा. तो वाहून न्यायला जड, ड्रम आणि ट्रम्पेटपुढे ऐकू न येणारा, आणि दांडीवर पडदे नसल्यामुळे बोट जरा सरकलं की बेसूर. फेंडरनं पडदे बसवले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. काकांना ही गोष्ट फार आवडायची. ‘रेडिओवाल्यानं केलेलं वाद्य आहे, मग टर्नरनं दुरुस्त केलं तर काय बिघडलं?’ असं म्हणायचे. ते उद्यमबागेत टर्नर होते.

आपल्याकडे बेस आला तो मुंबईच्या स्टुडिओंतून आणि गोव्याच्या वाटेनं. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणापासून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरं पुढं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. डबल बेसला तिकडं ‘रबेकांव’ म्हणत. पुढं स्टुडिओत विजेचा बेस आला. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत जो बेस ऐकून आपण नकळत मान हलवतो, त्यातला पुष्कळसा टोनी वाझ यांच्या हातचा. तबकडीच्या पाकिटावर त्यांचं नाव कधी छापलं नाही. कोणाही वादकाचं सहसा छापत नसत. त्यामुळं बेळगावातल्या पोरानं बेस शिकायचा म्हणजे रेडिओला कान लावायचा आणि ‘हा आवाज कशाचा?’ असं विचारत फिरायचं.

आणि विचारायला बेळगावात माणसं होती, हे आपलं भाग्य. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, त्यामुळं बँडमधून निवृत्त झालेले लोक गावात. त्यांना पितळी बेसची सवय, हातात काय द्यायचं आणि ठेक्याला कुठं चिकटायचं हे ते तोंडानं वाजवून दाखवत. कॅम्पात ख्रिस्ती कुटुंबं, घरात पियानो नाहीतर निदान एखादी गिटार. गोव्यातली पोरं इथल्या कॉलेजांत शिकायला, तीही वाद्यासकट. काकांना बेसची पहिली बोटं दाखवली ती अशाच एका गोव्याच्या विद्यार्थ्यानं, टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीत. फी म्हणून काकू त्याला रविवारी जेवायला घालायची.

वाद्य मिळालं १९७५ मध्ये, कलकत्त्याकडची बनावट, मुंबईहून आणलेलं. परदेशी माल परवान्याच्या आणि जकातीच्या कचाट्यात. बोटीवरचा एखादा गोवेकर घेऊन आला तर आला, आणि ती किंमत टर्नरच्या पगाराच्या आवाक्यातली नव्हे. आता या देशी बेसची गंमत ऐका. चार तारांची मिळून ओढ सत्तर-ऐंशी किलोची असते, म्हणजे दांडीवर कायमचा एक माणूस लटकल्यासारखं. चांगल्या बेसच्या दांडीत लोखंडी सळई असते, ती पिळून वाक काढता येतो. काकांच्या बेसमध्ये ती नव्हतीच. आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पहिल्याच आषाढात दांडी धनुष्यासारखी झाली. तारा पडद्यांपासून बोटभर वर, दाबता दाबता बोटांना फोड.

काकांनी काय करावं? कारखान्यातल्या एका सुताराला धरलं, पडद्यांची पट्टी वाफेवर सैल करून उचलली, दांडीला लांब खाच पाडली आणि त्यात पोलादी चौकोनी सळई घट्ट बसवून पट्टी परत चिकटवली. रात्रभर शिकंज्यात. दांडी सरळ झाली ती आजतागायत सरळ आहे. वजन मात्र इतकं वाढलं की पट्टा सोडला तर दांडी जमिनीकडे धावायची. मग चामड्याचा रुंद पट्टा आला, चपला शिवणाऱ्याकडून करून घेतलेला.

घोडीची गोष्ट त्याहून भारी. मूळची घोडी म्हणजे वाकवलेला पत्रा. तार छेडली की सूर उमटायचा आणि लगेच विझायचा. काकांनी जेवणाच्या सुट्टीत बुशसाठी आलेल्या गनमेटलच्या उरलेल्या तुकड्यातून नवी घोडी घडवली. प्रत्येक तारेला वेगळी खाच, मागंपुढं सरकवायला स्क्रू, कारण जाड तारेची लांबी किंचित जास्त लागते, नाहीतर वरच्या पडद्यांवर सूर उतरतो किंवा चढतो. मोजमाप व्हर्नियरनं. सिनेमाच्या गाण्यासाठी शतांश मिलिमीटरपर्यंत काम करणारा बेसवाला दुसरीकडं कुठं झाला असेल असं मला वाटत नाही. ते बेळगावातच होणार! ज्या गावात हातात लेथ आहे तिथं वाद्याचा सुटा भाग मिळत नाही म्हणून कोणी रडत बसत नाही.

तारा हा मोठा खर्च. बेसच्या तारा गुंडाळीच्या असतात. आतला गाभा पोलादी आणि वर दुसरी तार वेटोळून. त्या वेटोळ्यांत घाम आणि मळ जाऊन बसला की आवाज मेल्यासारखा होतो. नवा संच मुंबईहूनच. म्हणून काका तारा उतरवून पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून दहा मिनिटं उकळायचे, पुसून वाळवायचे, परत चढवायचे. आठवडाभर तारा तरुण, मग पुन्हा म्हाताऱ्या. काकूनं ते पातेलं वेगळंच काढून ठेवलं होतं, त्यावर खिळ्यानं ‘गिटार’ असं कोरलेलं. पाहुणे आले की त्यात चहा होऊ नये म्हणून.

पुढं कोणीतरी सांगितलं की अमेरिकेत जेम्स जेमरसन नावाचा बेसवाला तारा तुटेपर्यंत बदलतच नाही. मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत त्याचा बेस. घोडीजवळ स्पंजचा तुकडा ठेवून, एकाच बोटानं वाजवणारा. हे ऐकून काकांना उकळण्यातून सुट्टी मिळाली. त्यांनीही गादीतला फोम कापून तारांखाली सारला. आवाज बुटका आणि गोल झाला, ढोलकीशी एकदम जुळला.

आता ॲम्प्लिफायर. सुरुवातीला घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ. जुन्या रेडिओंना मागं ग्रामोफोन जोडायची जागा असायची, तिथं बेस जोडला की चालायचा. पण रेडिओचा स्पीकर बोलण्या-गाण्यासाठी. त्यातून खर्ज काढायचा म्हणजे डबीतून नगारा. तिसऱ्या दिवशी कागद फाटला. आजोबांची बातम्यांची वेळ चुकली, त्याचं रामायण झालं ते वेगळंच.

कार्यक्रमात तर सभेचे कर्णे. त्या कर्ण्यातून मंत्र्याचं भाषण दोन मैल जाईल, पण बेस अजिबात नाही. खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. फक्त वरच्या छटा निघतात आणि मेंदू खालचा सूर अंदाजानं भरून काढतो. लोकांना ‘टक टक’ ऐकू यायचं, म्हणजे काका सोळापैकी निदान पाच वर्षं स्वतःलाच ऐकू येणारं वाद्य वाजवत होते.

१९८० च्या सुमारास खडेबाजारातल्या एका रेडिओ मेकॅनिकनं ‘टू-एन ३०५५’ नावाच्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर ॲम्प्लिफायर बांधून दिला. हा ट्रान्झिस्टर त्या काळी देशभरातल्या घरगुती ॲम्प्लिफायरचा बैल होता, गोल टोपीसारखा, ॲल्युमिनियमच्या पंख्यावर बसवलेला. ट्रान्सफॉर्मर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून. पंधरा इंची स्पीकर, आणि खोकं अठरा मिलिमीटरच्या प्लायचं, आतून जुन्या गोधडीचं अस्तर. मोठं खोकं का लागतं, तर ४१ कंपनांच्या सुराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. छोट्या खोक्यात स्पीकरच्या पाठीमागची हवा स्प्रिंगसारखी ताठ होते आणि खालचा सूर गुदमरतो. त्या खोक्याला आम्ही पोरं ‘तिजोरी’ म्हणायचो. टेम्पोत चढवायला चार माणसं.

पहिल्यांदा तिजोरी लावून काकांनी शहापुरातल्या एका गणेशोत्सवात वाजवलं, तेव्हा समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायका छातीला हात लावून एकमेकींकडे बघत होत्या. आवाज कानाआधी छातीत शिरला होता.

पिकअप हे या सगळ्यातलं अवघड प्रकरण. तारेखाली चुंबक, त्याभोवती केसाइतक्या बारीक इनॅमल्ड तारेचे आठ-दहा हजार वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उठतो. मूळ पिकअप दोन वर्षांत मुका झाला. रिवाइंडिंगवाल्याकडची तार जाड निघाली, तिचे हजार वेढेही मावेनात. शेवटी बारीक तार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आली. फुटक्या स्पीकरच्या चुंबकाचे तुकडे खाली, वर चार लोखंडी स्क्रू. हँड-ड्रिल शिकंज्यात आडवं धरून काकांनी गुंडाळायला घेतलं. वेढे मोजायला वडगावच्या एका विणकर मित्रानं यंत्रमागावरचा काउंटर काढून दिला. तार सहा हजारांवर एकदा तुटली, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला काउंटरवर ९,१४० आकडा असताना काका थांबले, कारण जागा संपली. मग मेणबत्तीचं मेण वितळवून त्यात बुडवलं, नाहीतर सैल वेढे थरथरून शिट्टी मारतात.

नव्या पिकअपला आवाज दणदणीत, पण गुणगुण फार. आपली वीज ५० कंपनांची. आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ कंपनांचा, पांढरी पाच. म्हणजे गुणगुण जवळजवळ सुरात, पण किंचित चढी! काका म्हणत, ‘हुबळीकडनं येणारी वीज जरा तीव्र लागते.’ उपाय म्हणून चहाच्या लाकडी पेटीतला चंदेरी पत्रा वाद्याच्या पोकळीत आतून चिकटवून अर्थिंगला जोडला. गुणगुण निम्म्यावर आली.

पण अर्थिंग ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. मंडपाची वीज खांबावरून, बोर्ड दोन पिनांचे, अर्थिंगचा पत्ता नाही. बेसच्या तारा ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या, माइक दुसऱ्याच ॲम्प्लिफायरला. दोन्हींत विजेचा फरक पडला तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागताक्षणी झटका. खानापूरकडच्या एका जत्रेत कोरस द्यायला काका पुढं झाले आणि मागं फेकले गेले. दात ओठात घुसला. नशीब, तारा हातातून सुटल्या. त्यानंतर ऑर्केस्ट्राच्या सामानात एक चार फुटी लोखंडी खुंटी, कोळसा आणि मीठ कायमचं आलं. कुठंही गेलं की आधी स्टेजमागं खुंटी ठोकायची, मीठपाणी ओतायचं, सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यायची, आणि टेस्टर लावल्याशिवाय गायकानं माइकला तोंड लावायचं नाही. आयोजक वैतागायचे. काका ऐकायचे नाहीत.

कॅम्पातल्या दुसऱ्या एका बेसवाल्याची आठवण इथंच सांगतो. त्याला कोणीतरी जॅको पास्टोरियसची कॅसेट दिली. या अमेरिकन वादकानं आपल्या फेंडर बेसचे पडदे उपटून काढले, खाचा भरल्या आणि वर बोटींना लावतात तसला इपॉक्सी चढवला. त्याचा १९७६ चा पहिला अल्बम जगभरच्या बेसवाल्यांना वेड लावून गेला. आमच्या कॅम्पवाल्यालाही लागलं. पण त्यानं पडदे स्वतः उपटले नाहीत. रेल्वेत बसून मिरजेला गेला. तिथल्या शिकलगारांची घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी, पुढं तंबोरे आणि सतारी करणारी झाली. तिथल्या एका कारागिरानं बेस उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘जवारी उघडी पाहिजे का बंद?’

हा प्रश्न मला अजून थोर वाटतो. बिनपडद्याच्या बेसचा जो लांबणारा, नाकातून निघाल्यासारखा सूर असतो, तो तार लाकडाला अलगद घासत राहिल्यामुळं येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढली की तेच होतं. कारागिरानं पट्टी घासून दिली, खाचांत शिसवीच्या चिपा बसवल्या. तो बेस घेऊन आमचा मित्र नाट्यगीताच्या मागं मींड काढायचा. शास्त्रीयवाले नाक मुरडायचे. माझं मत विचाराल तर चुकीचं काही नव्हतं, फक्त ते जरा जास्तच काढायचा.

एका रात्रीत मराठी, हिंदी, कन्नड, कोकणी अशी चारही गाणी आली पाहिजेत, हा बेळगावचा दंडक. डॉ. राजकुमारांची दोन गाणी झाल्याशिवाय गोकाककडचा श्रोता जागेवरून उठत नसे. काकांच्या तीन वह्या आहेत. त्यांत प्रत्येक गाण्याचा बेस देवनागरी सरगममध्ये, खाली कोणत्या बोटानं ते आकड्यांत. कन्नड गाण्यांचे मुखडेही देवनागरीतच. ड्रमर कन्नडभाषक, ॲकॉर्डियनवाला कोकणी, गायिका मिरजेकडची. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा कार्यक्रम पटापट रद्द झाले. तिजोरी तेव्हा ड्रमरच्या घरी होती. दोन महिने तिथंच राहिली. त्याच्या आईनं तिच्यावर चादर घालून वर कुंडी ठेवली होती, कोणी विचारलं तर टेबल म्हणून. वहीत त्या दोन महिन्यांची पानं कोरी आहेत आणि त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला दोन कन्नड, दोन मराठी असा क्रम आहे, काकांच्या अक्षरात, आधी कन्नड.

बेसवाल्यांचा घात केला तो कीबोर्डनं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असे कीबोर्ड आले की डाव्या हातानं एक सूर दाबला की बेस आणि ठेका आपोआप सुरू. सिनेमातही तोवर बेस बराचसा सिंथेसायझरवर गेला होता. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचा हिशोब सरळ होता. एक माणूस कमी, एक पाकीट कमी, टेम्पोत तिजोरीची जागा मोकळी. १९९१ च्या गणपतीत काकांना निरोपच आला नाही. भांडण नाही, काही नाही. नारळ आणि कुंद्याचा पुडा मात्र घरी आला. कुंदा आम्ही पोरांनी खाल्ला. काकांनी बेस कपाटावर ठेवला आणि ओव्हरटाइम घ्यायला लागले.

आता वाद. माझ्या चुलतबहिणीची मुलगी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि तिथल्या बँडमध्ये बेस वाजवते. हल्लीच्या पोरांना पाच तारांचे बेस घरबसल्या मिळतात, त्याचं मला कौतुकच आहे. पण तिला आजोबांचा बेस पाहिजे. गिटार दुरुस्त करणाऱ्या एकानं पाहून सांगितलं, मूळ भाग एकही नाही, विकायला किंमत शून्य. दांडी ठेवा, बाकी काढून नवा पिकअप आणि नवी घोडी टाका. भावाचं म्हणणं तसंच. मी विरोधात. मूळ भाग काय होते ते आम्ही पाहिलेत, ते पहिल्या आषाढात संपले. या वाद्यात किंमत आहे ती बदललेल्या भागांचीच.

पोरीनं आमचं दोघांचंही ऐकलं नाही. तिनं मल्टिमीटर लावून पाहिलं, पिकअप जिवंत. आवाजाचं बटण गंजलेलं होतं तेवढं बदललं, सॉकेट नवं घातलं आणि पहिल्यांदा कॉलेजच्या ॲम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग आहे ना ते वाकून पाहिलं. हे तिला कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. फोमचा भुगा झाला होता, तो काढून स्वयंपाकघरातला स्पंज कापून घातला. जाड तार १९९१ च्या आधीची आहे, ती तिनं ठेवलीय. बाकी तीन नव्या.

तिजोरी सापडत नाही. ड्रमरच्या घरच्यांनी वडगावचं घर विकलं तेव्हा ती तिथंच राहिली असावी. पंधरा इंची स्पीकर, काळा रेक्झिन, मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात ‘वरची बाजू’ असं लिहिलेलं, आतून गोधडी. कोणाच्या माडीवर दिसली तर खाली लिहा, टेम्पो घेऊन येतो.